लिंक कुठे उघडायची, हे वाचकाला ठरवू द्या

प्रति,
महाराष्ट्रातील शासकीय व निमशासकीय संकेतस्थळे चालवणारे अधिकारी, त्यांच्या निविदा काढणारे विभाग आणि ती तयार करून देणारे संगणक अभियंते यांस

विषय : वाचकाला न विचारता लिंक नव्या टॅबमध्ये किंवा नव्या विंडोमध्ये उघडण्याची पद्धत बंद करण्याबाबत.

महोदय / महोदया,

काही महिन्यांपूर्वी एका विभागाचे संकेतस्थळ नव्याने तयार होऊन लोकांसमोर आले. अक्षरे मोठी झाली, मोबाइलवर पान नीट बसू लागले, मराठी मजकूरही पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारला. या कामाबद्दल संबंधितांचे मनापासून अभिनंदन करावेसे वाटते. मात्र त्याच संकेतस्थळावरची जवळजवळ प्रत्येक लिंक, अगदी 'संपर्क' आणि 'मुख्यपृष्ठ' यांच्यासकट, आता नव्या टॅबमध्ये उघडते. याबाबत मी लेखी विचारणा केली, तेव्हा 'संकेतस्थळ मार्गदर्शक तत्त्वांनुसारच आहे' एवढे एका ओळीचे उत्तर मिळाले. ते उत्तर मला मान्य नाही. हाच प्रकार अनेक शासकीय संकेतस्थळांवर दिसत असल्यामुळे कोणा एका विभागाचे नाव न घेता हे पत्र आपणा सर्वांना उद्देशून, आणि लोकांनीही वाचावे म्हणून जाहीरपणे लिहीत आहे.

मी तालुक्याच्या गावी एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल म्हणून काम करते. वाचनालयात वाचकांसाठी संगणक ठेवलेले आहेत. त्यांच्यासमोर बसणाऱ्यांत पुस्तकांची यादी पाहणारे थोडे असतात. भरतीची जाहिरात, शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबारा, शासन निर्णय, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे यांसाठी येणारेच अधिक असतात. घरी संगणक नाही, मोबाइलवर अर्ज धड भरता येत नाही आणि सेवा केंद्रात दर वेळी पैसे मोजणे परवडत नाही, अशी ही मंडळी आहेत. कोणी अडले की उठून त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहणे हा माझ्या कामाचाच भाग झाला आहे. ते कुठे अडतात हे मी रोज जवळून पाहते, आणि नव्या टॅबमुळे अडणाऱ्यांची संख्या आपल्याला वाटत असेल त्याहून फार मोठी आहे.

एक उदाहरण तपशिलाने देते. एक सेवानिवृत्त शिक्षक वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीसंबंधीचा शासन निर्णय शोधत होते. त्यांनी विभाग निवडला, तारखांची मर्यादा टाकली, यादीची पाने उलटत बरेच पुढे गेले आणि एका निर्णयासमोरचे पीडीएफचे लहानसे लाल चिन्ह दाबले. पीडीएफ नव्या टॅबमध्ये उघडली. ती हवी होती ती नव्हती, म्हणून त्यांनी यादीकडे परत जाण्यासाठी डावीकडच्या बाणावर क्लिक केले. तो बाण फिकट राखाडी होता आणि दबतच नव्हता, कारण ती टॅब त्या पीडीएफपासूनच सुरू झाली होती. तिच्या मागे जाण्यासारखे काही नव्हतेच. वरच्या पट्टीत आणखी एक टॅब उघडी आहे आणि यादी तिथे जशीच्या तशी आहे, हे त्यांच्या लक्षात येण्याचे काही कारण नव्हते, कारण दोन्ही टॅबांवर विभागाचे तेच बोधचिन्ह आणि अर्धवट कापलेले तेच नाव दिसत होते. शेवटी त्यांनी कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केले आणि सगळी विंडोच बंद झाली. निवडलेला विभाग, तारखा, यादीचे पान, सगळे गेले. "मॅडम, मला काही हे जमत नाही," असे म्हणून ते उठू लागले. आयुष्यभर मुलांना शिकवलेल्या माणसाने स्वतःला दोष देत उठून जावे, इतके अवघड ते काम नव्हते. पीडीएफ त्याच टॅबमध्ये उघडली असती, तर तो बाण एकदा दाबून ते यादीवर परतले असते.

मागे नेणारा बाण हे नवख्या माणसाला सर्वांत आधी समजणारे आणि सर्वांत जास्त आधार देणारे बटन आहे. चुकलो तर परत येता येईल, या भरवशावर माणूस पुढचे पाऊल टाकतो. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी १९९९ साली संकेतस्थळांच्या रचनेतील दहा नव्या चुकांची यादी प्रसिद्ध केली होती. तिच्यात पहिली चूक मागे जाण्याचे बटन निकामी करणे ही होती आणि दुसरी होती वाचकासमोर नवी विंडो उघडणे. त्या वेळी ब्राउझरमध्ये टॅब फारसे रूढ झाले नव्हते, त्यामुळे पूर्ण नवी विंडो उघडून आधीची झाकली जात असे. पुढे टॅब आले, पण मागच्या बाणाची अडचण जिथल्या तिथेच राहिली. म्हणजे पाव शतकापूर्वी दाखवून दिलेली चूक आपण आज नव्या निविदेतून, नवे पैसे देऊन करून घेत आहोत.

आता माझ्या तक्रारी एकेक करून मांडते. वर सांगितलेला मागच्या बाणाचा प्रश्न ही पहिली तक्रार समजावी.

दुसरी तक्रार दृष्टिहीन वाचकांची आहे, आणि माझ्या दृष्टीने ती सर्वांत गंभीर आहे. आमच्याकडे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक पूर्णतः दृष्टिहीन विद्यार्थिनी येते. ती एनव्हीडीए हे विनामूल्य मिळणारे स्क्रीन रीडर वापरते; पडद्यावरचा मजकूर ते तिला मोठ्याने वाचून दाखवते आणि ती माउसला हात न लावता सगळे काम कीबोर्डवरून करते. एका लिंकवरून दुसरीवर जाण्यासाठी ती 'के' ही कळ दाबते, लिंक उघडण्यासाठी एंटर, आणि मागे येण्यासाठी ऑल्ट धरून डावा बाण. लिंक गुपचूप नव्या टॅबमध्ये उघडली की तिचा ऑल्ट आणि डावा बाण काहीच करत नाही. स्क्रीन रीडर गप्प राहतो. कळ नीट दाबली गेली नाही, की संगणक अडकला, की इंटरनेट गेले, हे तिला समजायला मार्ग नसतो. डोळस माणसाला निदान वर वाढलेली टॅब दिसू शकते. तिला ते कोणी सांगितले तरच कळते. मग ती कंट्रोल आणि टॅब या कळा दाबत एकेका टॅबचे शीर्षक ऐकत जाते, आणि प्रत्येक टॅबवर तेच ऐकू येते : विभागाचे नाव, महाराष्ट्र शासन. आतल्या पानांना वेगवेगळी शीर्षके देण्याचेही कष्ट कोणी घेतलेले नसतात, त्यामुळे यादी कोणत्या टॅबमध्ये आणि जाहिरात कोणत्या, हे ठरवण्यासाठी तिला प्रत्येक पान पुन्हा सुरुवातीपासून ऐकावे लागते. ती अत्यंत चिकाटीची मुलगी आहे आणि तक्रार करत नाही. तिच्या वतीने तक्रार मी करते आहे.

२०११ च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची देशातील संख्या सुमारे ५० लाख नोंदवली गेली. यात पडदा मोठा करून वाचणाऱ्यांचाही विचार करावा. ज्यांची दृष्टी क्षीण आहे ते पडद्याचा एक लहान भाग कित्येक पटींनी मोठा करून पाहतात. त्यांच्या नजरेसमोर लिंक असते तेव्हा टॅबांची पट्टी पडद्याबाहेर गेलेली असते, त्यामुळे वर काय बदलले ते त्यांनाही दिसत नाही.

तिसरी तक्रार सामायिक संगणकाची. आपल्या संकेतस्थळांची आखणी करताना एक माणूस, एक संगणक, असे गृहीत धरलेले असते. वाचनालयात, सेवा केंद्रात, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तसे नसते. एखादा विद्यार्थी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर लॉगिन करतो, तिथून 'सूचना' उघडतो, सूचनांतून 'नमुना अर्ज', आणि प्रत्येक वेळी नवी टॅब. काम झाल्यावर तो समोर दिसणारी टॅब बंद करतो आणि उठतो. ज्या टॅबमध्ये त्याचे लॉगिन चालू आहे ती मागे तशीच उघडी राहते. पुढे बसणाऱ्याला त्याचे नाव, जात प्रमाणपत्राचा क्रमांक, बँकेचे खाते, वडिलांचे उत्पन्न हे सर्व विनासायास दिसू शकते. आम्ही वाचनालयात याबद्दल पाटी लावली आहे आणि दर वाचकानंतर ब्राउझर बंद करून पुन्हा उघडतो. पण ही काळजी आम्ही घेतो म्हणून सगळीकडे घेतली जातेच असे नाही, आणि ती घेण्याची वेळ येते यात आपल्या रचनेचाही वाटा आहे.

चौथी तक्रार स्वस्त मोबाइलची आहे. कमी मेमरीच्या फोनवर जास्त टॅब उघड्या झाल्या की ब्राउझर मागच्या टॅबा मेमरीतून काढून टाकतो आणि आपण परत गेलो की ते पान नव्याने मागवतो. अर्धा भरलेला अर्ज मागच्या टॅबमध्ये असेल, तर तो अशा वेळी रिकामा होऊन समोर येऊ शकतो. 'अर्ज सुरक्षित राहावा म्हणून आम्ही सूचना नव्या टॅबमध्ये उघडतो' असे आपल्यापैकी काहीजण सांगतात. ज्याच्यासाठी ते करायचे, त्या साध्या फोनवरच्या अर्जदाराच्या बाबतीत त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

पाचवी तक्रार पॉप-अपविषयी. काही पोर्टलांवर लिंक साध्या नसतातच. क्लिक केले की स्क्रिप्ट, म्हणजे पानात लिहिलेला छोटा प्रोग्राम, चालते आणि एक लहान विंडो उघडते. ब्राउझर अशा काही विंडो संशयास्पद म्हणून अडवतो, आणि मग पोर्टलवर ठळक अक्षरांत सूचना लिहिलेली असते की कृपया पॉप-अप ब्लॉकर बंद करावा. नागरिकाने आपल्या संगणकाचे एक संरक्षण उतरवून ठेवावे, असे शासकीय संकेतस्थळाने सांगणे मला अत्यंत चुकीचे वाटते. एकीकडे सायबर फसवणुकीपासून सावध राहण्याचे फलक आपणच वाचनालयाला पाठवता आणि आम्ही ते दर्शनी भागात लावतो. त्या फलकाखाली बसलेल्या माणसाला मी पॉप-अप सुरू करायला कसे सांगू?

याच प्रकारच्या लिंकांचा आणखी एक त्रास, थोडक्यात. ज्यांना खरोखर दोन निर्णय शेजारी शेजारी उघडून ताडून पाहायचे असतात, ते जाणकार वाचक कंट्रोल धरून क्लिक करतात. स्क्रिप्टवर चालणाऱ्या लिंकवर तसे केले की अनेकदा कोरे पान उघडते. म्हणजे ज्याला नवी टॅब नको त्याच्यावर ती लादली जाते आणि ज्याला हवी त्याला ती अनेकदा मिळत नाही.

आता 'मार्गदर्शक तत्त्वांनुसार' या उत्तराकडे वळते, कारण माझ्या मते सगळा गुंता तिथे आहे. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ साली प्रथम आली आणि २०२३ साली त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. लिंक शासकीय नसलेल्या बाहेरच्या संकेतस्थळावर नेत असेल, तर तशी स्पष्ट कल्पना वाचकाला द्यावी, असा त्यांतला आग्रह योग्यच आहे. कल्पना द्यावी, एवढाच त्याचा अर्थ. नवी टॅब उघडावी असा नाही. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ही कल्पना लिंकवर माउस नेल्यावर उमटणाऱ्या चौकटीत दिलेली असते : बाह्य संकेतस्थळ, नवीन विंडोमध्ये उघडते. मोबाइलवर माउसच नसतो, त्यामुळे ती चौकट उमटतच नाही, आणि आपली बहुसंख्य जनता इंटरनेट मोबाइलवरच वापरते. शिवाय 'मुख्यपृष्ठ' आणि 'संपर्क' ही बाहेरची संकेतस्थळे नाहीत. ती नव्या टॅबमध्ये उघडण्याला हे कारणही लागू पडत नाही.

या गुंत्याचे दुसरे मूळ अनेक शासकीय संकेतस्थळांवर तळाशी असलेल्या 'हायपरलिंक धोरणा'त आहे. केंद्रापासून जिल्ह्यापर्यंत ते जवळपास एकाच साच्यातले आहे. त्याचा आशय असा, की आमच्या पानांची लिंक कोणीही द्यावी, पण आमची पाने इतरांच्या संकेतस्थळावरील फ्रेममध्ये, म्हणजे त्यांच्या पानातल्या चौकटीत, उघडू नयेत. ती वापरकर्त्याच्या नव्याने उघडलेल्या विंडोमध्ये उघडावीत. हे वाक्य वाचून वाचून लिंक देणारा प्रत्येकजण नवी विंडो हाच शासकीय शिष्टाचार मानू लागला आहे. जिल्ह्याचे संकेतस्थळ मंत्रालयाच्या विभागाची लिंक देते तेव्हा नवी टॅब, विभाग महामंडळाची लिंक देतो तेव्हा आणखी एक, महामंडळ अर्जाच्या पोर्टलची देते तेव्हा तिसरी.

या वाक्याचा इतिहास समजून घेतला तर त्याची गरज संपल्याचे आपल्यालाही पटेल. फ्रेम म्हणजे एकाच पानाचे तुकडे करून प्रत्येकात वेगळे पान दाखवण्याची सोय. ती १९९० च्या दशकाच्या मध्यावर नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आली. कोणती लिंक कोणत्या तुकड्यात उघडावी हे सांगण्यासाठी लिंकला 'टार्गेट' नावाचा गुणधर्म जोडण्यात आला, आणि 'नवी कोरी विंडो' हे त्याचे एक मूल्य ठरले; आज आपले अभियंते जे 'टार्गेट ब्लँक' सरसकट लिहितात ते हेच. फ्रेमचा गैरवापरही लगेच सुरू झाला. दुसऱ्याची बातमी आपल्या जाहिरातींच्या चौकटीत बसवून दाखवण्यावरून वॉशिंग्टन पोस्टसह काही मोठ्या अमेरिकी वृत्तसंस्थांनी टोटलन्यूज या संकेतस्थळावर १९९७ साली खटला भरला होता. त्याच वर्षी तडजोड होऊन टोटलन्यूजने ती पद्धत सोडून साध्या लिंक देण्याचे मान्य केले. 'आमचे पान तुमच्या फ्रेममध्ये नको, नव्या विंडोत उघडा' ही भाषा त्या काळातल्या भीतीची आहे, आणि त्या काळी ती रास्त होती.

आज दुसऱ्याच्या फ्रेममध्ये आपले पान उघडू न देण्याची सोय थेट सर्व्हरवर, म्हणजे संकेतस्थळ ज्या संगणकावरून चालते तिथे, करता येते. एक्स-फ्रेम-ऑप्शन्स नावाची एक ओळ त्यासाठी पुरते. इंटरनेट एक्स्प्लोरर ८ पासून, म्हणजे २००९ पासून, ब्राउझर ती मानू लागले, आणि त्यानंतर तिच्याहून काटेकोर अशी फ्रेम-अॅन्सेस्टर्सची तरतूदही आली. आपल्या अभियंत्यांना हे ठाऊक आहे. सुरक्षा तपासणीत ही ओळ आहे की नाही हे पाहिलेही जाते. म्हणजे जे काम सर्व्हर बिनबोभाट करतो, त्याच्यासाठी धोरणातले जुने वाक्य जपून ठेवले आहे आणि त्याची झळ वाचकाला बसते आहे. १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ मानकाच्या काटेकोर रूपातून टार्गेट हा गुणधर्म वगळलेलाही होता. पुढच्या मानकात तो परत आला, कारण त्याचे काही मोजके योग्य उपयोग आहेत. नवी विंडो कधी योग्य, हेही स्पष्ट लिहिलेले आहे.

वेब सुलभतेची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे, ज्यांवर आपली तत्त्वे आधारलेली आहेत, त्यांच्या १९९९ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच वाचकाला न सांगता नवी विंडो उघडू नका असे सांगतात. त्यांच्याशी जोडलेल्या तंत्रविषयक टिपणात नवी विंडो वा टॅब योग्य ठरण्याची दोन उदाहरणे आहेत : अनेक पायऱ्यांचा अर्ज भरताना मधेच मदतीचे पान उघडायचे असेल, आणि लॉगिन केलेल्या सुरक्षित भागातून बाहेर गेल्यास लॉगिन तुटणार असेल. अशा ठिकाणीही आधी सूचना द्यावी, असे तीच तत्त्वे सुचवतात. हे अपवाद मलाही मान्य आहेत आणि खालच्या मागण्यांत मी ते धरले आहेत. एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवते : न मागता संदर्भ बदलू नये हा निकष त्या तत्त्वांत सर्वांत वरच्या, म्हणजे तिसऱ्या पातळीवर आहे आणि आपल्याकडे बंधन दुसऱ्या पातळीपर्यंतच आहे. त्यामुळे तांत्रिक अर्थाने आपले संकेतस्थळ तपासणीत उत्तीर्ण होऊ शकते. माझ्या वाचनालयातील विद्यार्थिनीला त्या प्रमाणपत्राचा उपयोग नाही.

आणि प्रश्न आता शिष्टाचारापुरता उरलेला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने माहिती व तंत्रज्ञानाची साधने सर्वांना वापरता येतील अशी असावीत, ही जबाबदारी शासनावर टाकली आहे. सुलभतेची मानके ऐच्छिक ठेवून चालणार नाहीत, बंधनकारक नियम करावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितले, आणि डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे एप्रिल २०२५ च्या निकालात स्पष्ट केले. यानंतरही 'बंधन नाही' हे उत्तर देणे आपल्याला शोभणारे नाही.

आपल्या बाजूने दिली जाणारी कारणे मी अनेकदा ऐकली आहेत. वाचक आपल्या संकेतस्थळावरून निघून जाऊ नये, हे त्यांतले सर्वांत जास्त ऐकू येणारे. दुकानाच्या संकेतस्थळाला ते कारण असू शकते. शासनाचे संकेतस्थळ हे गिऱ्हाईक धरून ठेवण्याचे ठिकाण नाही, नागरिकाचे काम झाले की तो निघून जावा यातच त्याचे यश आहे. वाचनालयात कोणी संदर्भग्रंथ मागितला म्हणून मी त्याला आतल्या खोलीत नेऊन बसवले आणि मागचे दार लावून घेतले, तर ती सेवा झाली असे कोणी म्हणणार नाही. दुसरे कारण सवयीचे दिले जाते, की लोकांना आता नव्या टॅबची सवय झाली आहे. ज्यांना सवय आहे त्यांना नवी टॅब स्वतः उघडता येते : संगणकावर कंट्रोल धरून किंवा माउसचे मधले बटन दाबून, मोबाइलवर लिंकवर बोट दाबून धरून. साध्या लिंकने दोघांचेही काम होते. नव्या टॅबची सक्ती केली की मात्र त्यातून सुटण्याचा सोपा मार्ग ब्राउझर कोणालाच देत नाही. ही विषमता हेच माझ्या म्हणण्याचे मूळ आहे, आणि तिला आजवर कोणी उत्तर दिलेले नाही.

सुरक्षिततेचाही एक मुद्दा आहे. नव्या टॅबमध्ये उघडलेले बाहेरचे पान मागे राहिलेल्या आपल्या पानाचा पत्ता गुपचूप बदलू शकत असे, आणि तिथे बनावट लॉगिनचे पान उभे करता येत असे. अलीकडच्या ब्राउझरांनी ही वाट आपणहून बंद केली आहे. क्रोमने ते जानेवारी २०२१ मध्ये केले. तरी जुने, अद्ययावत न होणारे फोन लोकांच्या हातात आहेत, आणि तिथे नव्या पानाला मागच्या पानापर्यंत पोहोचू न देणारा 'नोओपनर' हा शब्द न लिहिलेली प्रत्येक अशी लिंक धोक्याची राहते.

म्हणून माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. शासकीय संकेतस्थळावरील सर्व लिंक, अंतर्गत असोत वा बाहेरच्या, त्याच टॅबमध्ये उघडाव्यात. यात शासन निर्णय, परिपत्रके आणि जाहिराती यांच्या पीडीएफही आल्या.

२. अर्ज भरताना उघडायची मदत आणि लॉगिन तुटण्याची शक्यता, या दोन प्रसंगीच नवी टॅब वापरावी, आणि तसे लिंकच्या मजकुरातच मराठीत लिहावे. माउस नेल्यावर दिसणारी चौकट पुरेशी समजू नये.

३. हायपरलिंक धोरणातील नव्या विंडोचे वाक्य काढून टाकावे आणि फ्रेमचा बंदोबस्त सर्व्हरवर करावा.

४. पॉप-अप ब्लॉकर बंद करण्यास सांगणाऱ्या सूचना हटवाव्यात, आणि त्या ज्यांच्यामुळे द्याव्या लागतात त्या विंडोही.

५. प्रत्येक लिंक ही खरी लिंक असावी, म्हणजे ज्याला हवी त्याला ती स्वतःहून नव्या टॅबमध्ये उघडता येईल. आणि प्रत्येक पानाला त्याचे स्वतःचे शीर्षक असावे.

६. यापुढच्या प्रत्येक निविदेत हे मुद्दे अटी म्हणून घालावेत आणि काम स्वीकारण्यापूर्वी ते संकेतस्थळ स्क्रीन रीडर वापरणाऱ्या व्यक्तींकडून, त्यांना योग्य मानधन देऊन, तपासून घ्यावे.

यांतील पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या मागणीसाठी नवे संकेतस्थळ बांधावे लागत नाही. अनेक ठिकाणी पानाच्या साच्यात एकदा बदल केला की शेकडो लिंक एकदम दुरुस्त होतात. देखभालीच्या चालू कंत्राटातच हे बसावे. सहाव्या मागणीला वेळ लागेल, हे मी समजू शकते.

आमच्या वाचनालयात येणारे वाचक कोणत्या पानांवर अडतात, त्याची नोंद मी ठेवत आहे. आपल्यापैकी ज्या विभागाला त्याच्या संकेतस्थळापुरती ती हवी असेल, त्यांनी मागावी. मी ती विनामूल्य देईन, आणि अभियंत्यांना वाचकांच्या शेजारी बसून पाहायचे असेल तर वाचनालयाच्या वेळेत त्यांचे स्वागत आहे. मागण्या मान्य नसतील तर त्याचे कारण मुद्देसूद आणि जाहीरपणे द्यावे, एवढी विनंती करते.

आपली नम्र,
सार्वजनिक वाचनालयातील एक ग्रंथपाल